रिंगरोडवरचा रांजण

लाईट गेली म्हणून वर आलात, नाहीतर या म्हाताऱ्याकडं कोण फिरकतं? बसा. गादी तापलेली आहे, सतरंजीवर बसा. श्वेता, तो मोबाईलचा टॉर्च बंद कर बरं. डोळ्यांत जातो, आणि किडे येतात ते वेगळं. कूलर बंद, पंखा बंद, आता लाईट येईपर्यंत झोपेचं काही खरं नाही.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता. ऋषिकेश, तुझ्या पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा आपल्या घरातले देव आणि भुतं एकाच दिवशी, एकाच दारानं बाहेर गेले. त्यामुळं मी भूत मानत नाही. आजही मानत नाही. पण मी मानत नाही म्हणून झालेली गोष्ट न झालेली होत नाही ना! तेव्हा जशी झाली तशी सांगतो. अर्थ तुमचा तुम्ही लावा. मला अजून लागलेला नाही.

वाडीचा प्रीतम तुम्हाला माहीत आहे. देवाजीचा मुलगा. देवाजी म्हणजे कोराडीच्या वीज केंद्रातला माझा जोडीदार, आम्ही दोघांनी मिळून अख्खी नोकरी कोळशाच्या धुळीत काढली. प्रीतमचं गॅरेज अमरावती रोडवर, गोडाऊनच्या रांगेमागं. कान असा, की गाडी फाटकातून आत शिरता शिरता हा आतून ओरडणार, "डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं तुमचं!" गाडीवाल्यानं अजून काच खाली केलेली नसते. त्या कानाचा त्याला भारी गर्व. गर्व असायलाही हरकत नाही, पण गर्वाला एक खोड असते. ज्याला दुसऱ्याच्या गाडीतला बारीक आवाज ऐकू येतो, त्याला वाटू लागतं की आपल्याला सगळंच ऐकू येतं.

आता देवाजीच्या घरातली एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. देवाजीची आई जिजाबाई. ती लहान असताना गावच्या विहिरीपासून लांब, घागर घेऊन उभी राहायची. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कोणी येईल, कोणाच्या मनात येईल, कोणी वरून ओतेल, तेव्हा पाणी. कधी सकाळची गेलेली पोर उन्हं डोक्यावर येईपर्यंत उभी. म्हणून त्या घरात एकच कायदा. भाकर नसली तर नाही म्हणावं, पैसा नसला तर नाही म्हणावं, पाण्याला नाही म्हणायचं नाही. दरवर्षी दीक्षाभूमीच्या गर्दीत देवाजीचा पाण्याचा ड्रम असतोच, आणि प्रीतम चालायला लागल्यापासून त्या ड्रमजवळ पाण्याचा जग घेऊन उभा राहिलेला आहे. हे डोक्यात ठेवा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तावीस मे, सोमवार. नवतपाचा, म्हणजे त्या नऊ तापत्या दिवसांचा, तिसरा दिवस. बुद्धपौर्णिमा होऊन चार दिवस झालेले, म्हणजे चंद्र उशिरा उगवणार. नवतपा काय असतो ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. सूर्य बुडतो, पण ऊन जात नाही. डांबर रात्रीपर्यंत श्वास सोडत असतं.

प्रीतमची बहीण भावना कोराडीच्या कॉलनीत राहते. तिच्या कूलरची मोटर जळाली होती आणि घरात चार महिन्यांची पोर, अंगभर घामोळ्या. प्रीतमनं मोटर नव्या तारेनं भरून घेतली, गॅरेज बंद केलं आणि दिवेलागणीला निघाला. वाडीहून रिंगरोड धरला. काटोल रोडचा चौक गेला. गाडी त्याची जुनीच, भंगारातून उचलून त्यानं उभी केलेली. दुसऱ्यांच्या गाडीत बाटलीतलं महाग कूलंट ओतणारा हा पठ्ठ्या स्वतःच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायचा. वरच्या रबरी पाइपाची क्लिप ढिली झाली आहे हेही त्याला आठ दिवसांपासून ठाऊक होतं. उद्या करू, परवा करू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चौक सोडून थोडं पुढं गेला आणि बोनेटखालून आवाज आला.

सुस्स्स...

एरवी कोणाला कळायला वेळ लागला असता, त्याला लागला नाही. वरचा पाइप. गरम पाणी बारीक फटीतून वाफ होऊन निघतंय. काटा लाल खुणेकडं चाललेला. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाचं झाड दिसलं, त्याखाली गाडी घेतली. बोनेट उघडलं तर वाफेचा लोट.

झाडाखाली पाणपोई होती, आपण प्याऊ म्हणतो ती. ओट्यावर एक मोठा रांजण, भोवती ओलं पोतं, वर लाकडी झाकण. मागच्या वस्तीतलं कोणीतरी रोज सकाळी भरून ठेवत असावं; संध्याकाळपर्यंत पाणी बरंच खाली गेलेलं. आजूबाजूला दुसरं पाणी नाही, दुकान नाही, हापसा नाही. रिंगरोडवर त्या टप्प्यात एवढंच पाणी.

आता अशा वेळी काय करायचं, हे प्रीतम आपल्या पोरांना रोज शिकवतो. इंजिन बंद करा, निवू द्या. आधी पाइप बांधा. मग पाणी. पण तेवढ्यात भावनाचा फोन आला. "दादा, कुठंसा आहे गा? पोरगी रडून रडून लाल झाली." झालं, याला घाई सुटली. डिकीत ऑइलचा कापलेला डबा होता. तोच तेलकट डबा त्यानं थेट रांजणात बुडवला आणि ओतायला लागला. एक डबा, दुसरा, तिसरा. पाइप बांधलेला नाही, मग पाणी थांबणार कसं? वरून ओतलेलं खालून मातीत. होतं त्यातलं अर्धं पाणी रस्त्यानं प्यायलं तेव्हा याच्या लक्षात आलं. स्वतःलाच एक शिवी हासडली, सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून पाइप करकचून बांधला, क्लिप आवळली, आणि उरलेल्या पाण्यानं रेडिएटर भरला. आवाज थांबला. रांजणाच्या तळाला डबा खरवडला. डब्यात थोडं पाणी उरलं होतं. दिवसभर बुटात शिजलेले पाय. त्यानं बूट काढले आणि ते पाणी पायांवर ओतून घेतलं.

मागं वळला, तर म्हातारी उभी.

कधीची उभी होती, ठाऊक नाही. हातात गाठोडं, डोक्यावर पदर, ओठ पांढरे पडलेले.

"बापू," ती म्हणाली, "पानी आहे का गा त्याच्यात?"

अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघतं बघा. "हो माय, होतं, मी संपवलं," एवढं म्हणायला काय लागत होतं? पण लाज वाटली की माणूस खरं बोलत नाही, आधी लपवतो.

"नाही वं माय," प्रीतम म्हणाला. "रांजण खालीच होता. कोणी भरलाच नाही वाटते आज."

म्हातारीनं रांजणाकडं पाहिलं नाही. गाडीकडंही नाही. तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं. पाय ओले. पायाखालची माती ओली.

"बरं," ती म्हणाली.

बस, एवढंच. भांडली असती तर सुटला असता तो.

मग याची जीभ सैल सुटली. कुठं चालली माय, कुठून आली माय. ती लेकीकडं निघाली होती. ऑटोवाल्यानं फाट्यावरच उतरवून दिलं होतं. जायचं होतं वाडीच्या बाजूला, याच्या अगदी उलट, आणि आणखी चालायची ताकद तिच्यात नव्हती. प्रीतम म्हणाला, "तू बस इथंच. मी कोराडीले जाऊन येतो. याच रस्त्यानं वापस येतो. फ्रिजचं थंड पानी आणतो तुह्यासाठी, न तुले लेकीच्या दारात सोडून देतो. हलू नको इथून."

"येजो बापू," म्हातारी म्हणाली आणि कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसली. तोंड रस्त्याकडं.

प्रीतमनं भावनाच्या घरी मोटर बसवली. कूलर सुरू झाला, पोर झोपली. भावनानं वाढलं ते जेवला. निघताना फ्रिजरमधल्या थंड बाटल्या मागून घेतल्या आणि शेजारच्या सीटवर ठेवल्या. विसरला नव्हता, हे लक्षात घ्या. विसरला असता तर ही गोष्टच नव्हती. साडेनऊला निघाला आणि कॉलनीच्या बाहेर, जिथं एक रस्ता रिंगरोडला जातो आणि दुसरा सरळ शहरात, तिथं येऊन थांबला.

इंजिन चालू. बाटल्यांना घाम सुटलेला.

त्याच्या मनात काय आलं ते त्यानं पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. म्हातारी जीव सोडेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याच्या मनात आले ते स्वतःचे ओले पाय. ती पुन्हा पायांकडं पाहील, पुन्हा "बरं" म्हणेल. त्या 'बरं'ला तोंड द्यायची त्याची हिंमत होईना. मग त्यानं मनाची समजूत घातली, की एवढ्या वेळात गेली असेल ती. कोणी ना कोणी नेली असेल. रस्ता काय ओस पडला आहे?

आणि त्यानं शहराचा रस्ता धरला. बाटल्या घरी आणून फ्रिजमध्ये ठेवल्या.

त्याच रात्री सुरू झालं.

अंगणात खाट टाकून झोपला होता. जाग आली ती आवाजानं. सुस्स्स... बारीक. गाडी चार हातांवर उभी. याला वाटलं, पट्टी सुटली. मग डोक्यात प्रकाश पडला. इंजिन बंद करून कितीतरी वेळ झालेला, लोखंड निवलेलं. थंड गाडीतून वाफ कशी सुटेल? उठला, बोनेटला हात लावला. आवाज थांबला.

सकाळी टोपण उघडलं तर रेडिएटर अर्धा रिकामा. खाली जमीन कोरडी ठणठणीत.

मेकॅनिक माणूस तो, भुताचा विचार कशाला करेल? फटीचा विचार केला. नवा पाइप घातला, नव्या क्लिपा, रेडिएटरचं टोपण नवं. रात्री पुन्हा सुस्स्स... सकाळी पुन्हा पाणी कमी. साबणाचं पाणी लावून हवा भरली, कुठंच बुडबुडा नाही. शेजारच्या गॅरेजचा ताराचंद म्हणाला, "हेड गॅसकेट गेलं असन. पानी इंजिनात जाऊन राहिलं, म्हणून खाली थेंब नाही." बरोबर बोलला, कोणीही जाणता माणूस तेच बोलला असता. दोघांनी मिळून हेड उघडलं. आत पाण्याचा माग नाही. गॅसकेट धडधाकट. तरी नवं टाकून बंद केलं.

"मंग जाते कुठं पानी?" ताराचंदनं विचारलं.

दिवसा गाडी गुमान चालायची. काटा जागेवर. आवाज रात्रीच, गाडी उभी असताना, आणि फक्त याला ऐकू यायचा. देवाजी त्याच अंगणात झोपायचा, त्याला काही नाही. ज्या कानाचा गर्व, तोच कान आता रात्रभर उघडा.

रिंगरोडनं मात्र तो गेला नाही. एकदाही नाही. एक गिऱ्हाईक त्या बाजूला बंद पडलं, तर तब्येत बरी नाही म्हणून पोराला पाठवलं. म्हातारीचं काय झालं हे विचारायचं म्हणजे आधी आपण काय केलं ते सांगायचं. ते त्याच्यानं होईना. देवाजी सकाळी चहाला बसला की याला बापाच्या तोंडाकडं बघवत नसे.

दोन जून. रविवार. नवतपाची शेवटची रात्र.

देवाजी कोराडीला नातीकडं गेलेला. घरात प्रीतम एकटा. त्यानं ठरवलं, आज बघायचंच. बोनेट उघडं ठेवलं. रेडिएटर स्वतःच्या हातानं काठोकाठ भरला. टोपण काढून बाजूला ठेवलं. स्टूल टाकून बसला, हातात टॉर्च.

दूर ट्रक जात होते. मग ट्रक थांबले. मग कुत्रीही थांबली.

सुस्स्स...

त्यानं टॉर्च आत धरला. पाणी चमकत होतं. आणि... पाणी खाली गेलं. थोडंसं. थांबलं.

सुस्स्स...

पुन्हा खाली गेलं. थांबलं.

पोरांनो, गळकं पाणी असं जात नाही. गळकं पाणी थांबत नाही. हे घोट होते. एक घोट... मग दम घेणं... मग एक घोट. आणि तो आवाज, जो तो वाफेचा समजत होता... फार तहानलेलं माणूस पहिला घोट घेताना दातांतून हवा ओढतं ना... तो.

प्रीतम उठला. ओरडला नाही. घरात गेला. फ्रिज उघडला. त्या बाटल्या अजून तशाच होत्या, त्यांना हात लावायची त्याची छाती झाली नव्हती. स्वच्छ पेला घेतला. भरला. दोन्ही हातांत धरून गाडीपुढं उभा राहिला.

"माय..." तो म्हणाला. "हे घे. थंड आहे."

आवाज थांबला.

पेला त्याच्या हातात. पेल्यातलं पाणी हलतंय. कमी होत नाही.

"घे न वं माय... उशीर झाला मले... चुकलं..."

काही नाही. कितीतरी वेळ काही नाही.

मग...

सुस्स्स.

रेडिएटरमधलं पाणी खाली गेलं. पेला तसाच भरलेला.

तिला त्याच्या हातचं नको होतं. तिला तिच्या वाटचं, गाडीनं प्यालेलंच पाहिजे होतं.

प्रीतम रडला. लहान पोरासारखा रडला, स्टुलावर बसून. मग उठला. गाडीला हात लावायची सोय नव्हती. गॅरेजची मोटरसायकल काढली, दोन कॅन पाणी बांधलं आणि अंधारात रिंगरोडला लागला.

कडुनिंबाखाली कोणी नव्हतं. ओटा, रांजण, झाकण. त्यानं दोन्ही कॅन रांजणात रिते केले आणि ओट्याशी बसून राहिला. तांबडं फुटायच्या सुमारास मागच्या वस्तीतून एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आली. तिनं झाकण उचललं आणि चमकली.

"कोण भरला गा?"

"मी," प्रीतम म्हणाला. "वाटेनं जाऊन राहिलो होतो."

बाईचं नाव कौसल्या. रांजण तीच भरायची. कोणी पाणी भरतंय म्हटल्यावर बरं वाटलं तिला, बोलायला लागली. "तुह्यासारखे लोकही आहेत बाप्पा. नाही तर मागच्या सोमवारी कोण्या मेल्यानं तेलाचा डबा बुडवला याच्यात. घासता घासता हात गेले माहे. न त्याच रात्री..."

तिनं झाडाकडं पाहिलं.

"काय झालं त्या रात्री?" प्रीतमनं विचारलं. विचारायचं नव्हतं. तोंडातून निघालं.

"एक म्हातारी मेली इथं. या झाडाखाली. जयवंता नाव होतं तिचं. लेकीकडं चालली होती." कौसल्यानं हंडा ओट्यावर टेकवला. "माहा दीर आहे न, शालिकराम, त्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे, माल टाकून घरी येऊन राहिला होता. त्यानं पाहिलं, बाई बसली आहे. थांबला. म्हणे चाल माय, सोडून देतो. तर ती नाहीच म्हणे."

"काहून?"

"म्हणे, एक पोरगा पानी आणाले गेला माह्यासाठी. तो येईन न मी इथं नसन, तर त्याले वाईट वाटन."

प्रीतमनं ओट्याचा काठ धरला.

"शालिकरामजवळची बाटलीही खाली होती. त्यानं घरी येऊन मले सांगतलं. मी लगोलग लोटा घेऊन पळत आली. साडेदहा झाले असन. तर ती अशी बसूनच होती. टेकून. रस्त्याकडं पाहत." कौसल्यानं पदरानं डोळे पुसले. "डोळे उघडेच होते गा."

साडेनऊला हा कोराडीहून निघाला होता. सरळ आला असता तर दहाच्या आत पोचला असता. हे गणित त्याला तिथं उभ्या उभ्या सुटलं. सांगायला कोणी लागलं नाही.

"लेक आली होती मंग सकाळी," कौसल्या म्हणाली. "चांगली आहे बिचारी. मले विचारे, तो पोरगा कोण होता, काही कळलं का? त्याचा अॅक्सिडेंट तर नाही झाला म्हणे? नाही तर आला असता न तो. येतो म्हणून सांगून कोणी येणार नाही, असं होते का?"

मग तिनं नीट पाहिलं त्याच्याकडं. "तू कुठला गा?"

आणि पोरांनो, तिथंही तो बोलला नाही. "वाडीचा," एवढंच म्हणाला. मोटरसायकलला किक मारली आणि निघून आला.

त्या दिवसापासून आवाज बंद.

प्रीतमनं दुसरं काय करावं? रोज संध्याकाळी गॅरेज बंद करून रांजण भरायला जायला लागला. पाऊस लागेपर्यंत गेला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेला. देवाजीला कळलं. बापाची छाती फुगली. सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटला, "माहा पोरगा रिंगरोडचा प्याऊ भरते. आजीचं नाव काढलं पोट्ट्यानं!" लग्नात सांगे, मयतीत सांगे. आणि प्रीतम शेजारी उभा राहून बुटांकडं बघत असे. मला वाटायचं, काय विनयी मुलगा आहे!

मला खरं कळलं ते गेल्या वर्षी, एप्रिलात. काटोलकडं एक लग्न होतं. प्रीतमच्या गाडीतून आम्ही तिघं परत येत होतो. तो चालवतोय, देवाजी पुढं, मी मागं. भर दुपार, बाहेर नुसती आग. चहाला एका टपरीपुढं थांबलो. गाडी सुरूच ठेवलेली. देवाजी म्हणाला, "एवढ्या उन्हात गाडी चालली, पानी पाहून घेऊ दे."

"राहू द्या बाबा," प्रीतम घाईनं म्हणाला. "पाहू नका. आहे पानी."

देवाजी कोणाचं ऐकतो? बोनेट उघडलं. तोंड बाजूला घेतलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि टोपण जपून फिरवलं. वाफ यायला पाहिजे होती, हात भाजायला पाहिजे होता. काही आलं नाही. देवाजीनं आत पाहिलं. मग बोटं घातली... आणि तशीच ठेवली.

"प्रीतम," तो म्हणाला. "हे थंड कसं काय?"

प्रीतम एक पाऊल मागं सरला.

"तू तर म्हणत होता, वर्ष झालं, यात पानी टाकाच नाही लागत. मंग कोण भरते गा याच्यात?"

प्रीतमनं बापाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग खाली, स्वतःच्या पायांकडं. आणि तिथं, टपरीपुढं, भर रस्त्यात, त्यानं सगळं सांगितलं. डब्यापासून सांगितलं. पायांवर ओतलेलं पाणी सांगितलं. शहराचा रस्ता सांगितला. म्हातारीचं बोलणं सांगितलं. शेवटी म्हणाला, "ती रोज रात्री प्याले यायची तेव्हा बरं होतं बाबा. तेव्हा वाटे, फेडून राहिलो. आता... आता तीच भरून ठेवते याच्यात. मी काय करू?"

देवाजी रागावला नाही. मी वाट बघत होतो, आता हात उचलेल. नाही उचलला. टपरीच्या बाकावर जाऊन बसला. चहा पुढं आला, त्याला हात लावला नाही. ड्रमजवळ जग घेऊन उभं केलेलं पोर ते. पोराला बापासमोर उभं राहवेना. मी दोघांच्या मध्ये. असली शरम मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिली नाही.

उठलो मी. निदान बोनेट तरी लावावं म्हणून.

टोपण बाजूला पडलेलं होतं. इंजिन चालूच होतं, त्याची धग तोंडाला लागत होती. पंखा फिरतोय, लोखंड तापलंय... मी भूत मानत नाही. वाकलो. बोट आत घातलं.

गार. फ्रिजचं नव्हे... रांजणातलं असतं तसं. बोट नाकाशी नेलं, तर ओल्या मातीचा वास.

आणि काठोकाठ भरलेलं...